म्हंजे कसला लाल?

सोपाननानांनी मला खोली भाड्याने देण्याआधी पगार विचारला नाही, लग्न झालंय का ते विचारलं नाही, मटण खातो का तेही विचारलं नाही. ओट्यावर पितळेचा तांब्या होता आणि त्यात बोगनवेलीची एक फांदी खोचलेली होती. ती त्यांनी काढली, पाणी झटकलं, माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "ह्यो रंग कंचा?"

२००५ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. मी अकोल्याहून हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला आलो होतो आणि महाळुंग्यात खोली शोधत सकाळपासून उन्हात फिरत होतो. तोवर नऊ घरमालक बघून झाले होते. एकाला शाकाहारी भाडेकरू हवा होता, एकाला पाणी कमी वापरणारा, आणि एकाला तर घरी फारसा न राहणाराच हवा होता. पण रंग विचारणारा हा पहिलाच.

मी म्हणालो, "गुलाबी."

"म्हंजे कसला गुलाबी?"

आता गुलाबी म्हणजे गुलाबी. पण पोटात सकाळच्या वडापावाशिवाय काही नव्हतं, आणि भुकेला माणूस खरं बोलून जातो. मी म्हणालो, "आमच्या आईच्या हातून पूजेच्या पाटावर कुंकू सांडलं आणि ते ओल्या फडक्याने पुसलं, की फडक्याला जो रंग येतो ना, तो."

नानांनी मान वळवून माजघराकडे पाहिलं. आतल्या अंधारातून एका बाईचा आवाज आला, "ह्यांना द्या खोली."

माझ्याआधी दोन इंजिनिअर परत गेले होते असं मला नंतर कळलं. एक "पिंक" म्हणाला होता आणि दुसऱ्याने "रेडमध्येच थोडंसं वेगळं" असं सांगितलं होतं. दोघांचाही पगार माझ्यापेक्षा जास्त होता. आयुष्यात मी जिंकलेली ही बहुधा पहिलीच स्पर्धा.

सोपाननाना साठीच्या आसपासचे. उंच, काटक, पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि टोपी. टोपीच्या घडीत कसल्या तरी वाळक्या पाकळ्या खोचलेल्या असायच्या, जुन्या पुस्तकाच्या पानासारख्या झालेल्या. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "हिची सवय हाय. दरसाल गुलमोहराची एक पाकळी टोपीत खोचायची. का म्हून, ते तिलाच ठावं." धोतर रोज धुतलं जायचं, टोपीही धुतली जायची, पण धुण्याआधी त्या पाकळ्या काढून देवळीत ठेवल्या जात आणि टोपी वाळली की परत घडीत जात. घरच्या दोन म्हशी, थोडी शेती आणि रांगेत बांधलेल्या आम्हा भाडेकरूंच्या चार खोल्या एवढा त्यांचा पसारा. मुलगी लग्न होऊन साताऱ्याकडे दिली होती. आजूबाजूला इमारती उठत होत्या, पण नाना त्यांच्याकडे पाहुण्यांच्या पोरांनी घरात दंगा चालवावा आणि आपण काही बोलू नये, तशा चेहऱ्याने बघायचे.

त्यांची बायको इंदूकाकी. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. तरी चुलीपासून गोठ्यापर्यंत त्या अशा सरसर चालायच्या की नवखा माणूस महिनाभर फसावा. मी तीन आठवडे फसलो होतो. त्यांना दिसत नाही हे मला कळलं ते मी त्यांना माझा नवा शर्ट कसा वाटतो असं विचारलं तेव्हा. त्यांनी बाही चाचपली आणि म्हणाल्या, "कापड बरं हाय. रंग तुमी सांगा."

तर या जोडप्याचा एक नेम होता. लग्न झाल्यापासून दर चैत्र-वैशाखात दोघं फुलं बघायला जायची. देवाला लोक जातात तशी बागांना जायची. आमच्याकडे अकोल्याला उन्हाळ्यात फुलं बघत नाहीत, कूलरमध्ये पाणी भरतात. त्यामुळे बहावा, तामण, नीलमोहर ही मंडळी भर उन्हात फुलतात आणि माणसं ती बघायला घराबाहेर पडतात, हे मला इथे येऊन कळलं. काकींची नजर गेली आणि त्यांनी जाणं सोडलं. "तितं जाऊन काय करू, पायाला ठेचा खाऊ?" असं म्हणाल्या. तेव्हापासून नाना एकटे जातात, बागा बघतात आणि संध्याकाळी सगळं काकींना सांगतात. एकटे म्हणजे एका भाडेकरूला बरोबर घेऊन. रंग सांगायचं काम भाडेकरूचं. आधीचा नागपूरचा मुलगा लग्न होऊन गेला आणि ती जागा रिकामी झाली. तिच्यावर माझी नेमणूक झाली होती.

"तुमी शिकल्याली मानसं," नाना म्हणाले, "तुमच्याकडं शब्द असत्यात. आमच्याकडं काय, लाल-पिवळा-हिरवा. तेवढ्यात हिचं भागत न्हाई."

कारण मला पटलं. शिकलेल्या माणसाला आपल्याकडे शब्द असतात असं कुणी म्हटलं की पटतंच.

वैशाख म्हणजे लग्नसराई. नानांना मुळशी तालुक्यातून पत्रिकांचा ढीग यायचा. इतर लोक नातं बघून कुठल्या लग्नाला जायचं ते ठरवतात. नाना वाटेत काय फुललंय ते बघून ठरवायचे. सख्ख्या साडूच्या पुतण्याचं लग्न त्यांनी वाटेत नुसता बाभळीचा माळ आहे म्हणून टाळलं, आणि मुठ्याला कुणा लांबच्या माणसाच्या लग्नाला आम्ही पहाटेच निघालो, कारण त्या खोऱ्यात शनिवार-रविवारच्या बंगल्यांच्या बागा होत्या. "मुहूर्त साडेबाराचा हाय," नाना म्हणाले. "तवर हजेरी लावून येऊ." हजेरी म्हणजे बागांची.

त्यांची बाग बघण्याची रीत ठरलेली होती. जुनी स्कूटर लांब उभी करायची, टोपी सारखी करायची, फाटकाशी वहाणा काढायच्या आणि अनवाणी आत जायचं. फुलाला हात लावायचा नाही. खाली पडलेलं असेल तर उचलायचं. कुठल्याही पहारेकऱ्याने त्यांना कधी अडवलेलं मी पाहिलं नाही. एवढ्या स्वच्छ धोतरात एवढ्या शांतपणे आत येणारा माणूस जमिनीचा मूळ मालक तरी असणार किंवा देवाचं काही तरी, असा ते अंदाज बांधत असावेत. एकदा मात्र खरा मालक निघाला. मुंबईचा, अर्ध्या चड्डीत, हातात चहाचा कप. त्याने विचारलं, आपण कोण. नाना म्हणाले, "बाग बगाया आलोय. तुमी कवा आलात?" तो माणूस गोंधळून म्हणाला, काल रात्री. "दर आयतवारी येत जावा," नानांनी त्याला सांगितलं. "झाडं वाट बगत्यात." मग त्याने आम्हाला चहा पाजला आणि आपल्याच बागेत आमच्या मागून फिरला.

बागेत गेलं की माझी परीक्षा सुरू व्हायची. नाना झाडासमोर उभे राहायचे, हात मागे बांधायचे, आणि मी बोलायचं.

"जास्वंद आहे. लाल."

"म्हंजे कसला लाल? लाल तर बैलाचा गोंडाबी असतुया."

मी पहिल्या दोन रविवारी साफ नापास झालो. माझ्याजवळ सहा रंग होते, त्यातले दोन क्रिकेटच्या संघांमुळे आलेले. शेवटी मी आईला फोन केला. तोवर आमचं फोनवरचं संभाषण म्हणजे जेवलास का, जेवलो, झोप होते का, होते, एवढंच. त्या दिवशी मी विचारलं, चिंतामणी रंग म्हणजे कुठला गं? मग आईने वडिलांना हाक मारली की याला बघा काय झालंय. पण नंतर ती अशी खुलली की काय सांगू. कपाटातल्या साड्या पलंगावर काढून एकेक सांगत बसली. आमसुली कुठला, वांगी कुठला, डाळिंबी आणि गुलबक्षीत काय फरक, श्रीखंडी रंगाची ती साडी मामाने कधी घेतली आणि ती नेसली असताना मी लहानपणी तिच्यावर ओकलो होतो. दर शनिवारी अर्धा अर्धा तास. आई आणि मी आयुष्यात जेवढं बोललो त्यातलं अर्धं त्या उन्हाळ्यात बोललो. यासाठी मी नानांचा किती ऋणी आहे ते त्यांना कधी सांगायला जमलं नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

या शिक्षणाचे दुष्परिणामही झाले. कंपनीत माझं काम दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. एकदा मी लेखी कळवलं की बटण निळं असायला हवं, ते आमसुली दिसतंय. ज्याने ते बटण केलं होतं तो बंगलोरचा मुलगा दोन मजले उतरून मला हा शब्द विचारायला आला. आणि लग्नाच्या पंगतीत नाना माझी ओळख "हे आमचे रंगवाले" अशी करून द्यायचे, तेव्हा मुठ्याच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन, दोन खोल्या आणि ओटा रंगवायचा तर पावसाआधी जमेल का, असं विचारलं. मी पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणालो. जेवण फार चांगलं होतं, नाही म्हणवेना.

नानांच्या आणखी काही सवयी मी खेडवळपणाच्या खात्यात टाकून दिल्या होत्या. औंधला कामाला गेलो की सिग्नलला ते पुढच्या गाड्या थांबल्या की थांबायचे आणि पुढच्या सुटल्या की सुटायचे. पुढे कुणी नसेल तर मला विचारायचे, "सुटला का?" एकदा मी मागे बसून डुलकी काढली, तर तेवढ्यात दोनदा सिग्नल सुटून गेला आणि आम्ही तिथेच. मागचे लोक काय काय बोलले ते नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. आंबा पिकलाय का ते हुंगून बघायचे, टोमॅटो दाबून. तरुणपणी मिलिटरीच्या भरतीला गेले होते, तिथून परत पाठवलं. का, तर म्हणे, "माझं डोळं लई बारीक बगत्यात. त्यांच्या कामाचं न्हाईत." मला ते कारण जरा चमत्कारिक वाटलं होतं. पण मिलिटरीचं काय सांगावं, म्हणून सोडून दिलं.

संध्याकाळी गोठ्याचं काम आटपलं की ओट्यावर चहा व्हायचा आणि नाना काकींना दिवसभराची बाग सांगायचे. माझेच शब्द, पण त्यात त्यांची भर पडलेली. मी म्हटलेलं असायचं, नीलमोहर आईच्या जुन्या जांभळ्या साडीसारखा, पाच-सहा वर्षं धुतलेल्या. नाना सांगायचे, "साडी जुनी, पन बाई नवी." काकी डोळे मिटून ऐकायच्या. त्यांनी डोळे कशाला मिटायचे, असं माझ्या मनात यायचं. मधेच त्या विचारायच्या, "म्हंजे कसला?" तेव्हा मला उमगलं की हे पालुपद मूळचं काकींचं, नानांनी उसनं घेतलेलं. वर्णन मनासारखं झालं की काकी हात वर करून म्हणायच्या, "दिसला." हा शब्द ऐकला की नानांचा जीव भांड्यात पडायचा. माझाही. मला वार्षिक बढतीच्या वेळी एवढी धाकधूक झाली नाही.

सगळ्या मोसमात काकी खरी वाट बघायच्या ती मालेच्या गुलमोहराची. पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्यावरचं माले हे त्यांचं माहेर. भावाच्या शेताच्या बांधावर लहानपणी त्यांनीच पाणी घालून जगवलेला गुलमोहर आता शेजारच्या बंगल्याच्या बागेत गेला होता. मालकाने तो तोडला नव्हता, उलट त्याच्याभोवती पार बांधला होता. तो फुलल्याची बातमी आली की काकींचा वैशाख पुरा व्हायचा. "बाकी समदं ऱ्हाऊ द्या," त्या आधीपासून बजावायच्या, "त्योच तेवढा नीट बगून या."

आणि नेमक्या मालेला जायच्या रविवारी मला कंपनीने बोलावलं. काम सोमवारी पुढे जायचं होतं, सुटका नव्हती. नाना एकटेच मालेला गेले. मी संध्याकाळी परत आलो तर ओट्यावर नाना आणि काकी बसलेले, आणि नाना खाली बघून सांगत होते, "न्हाई फुलला आवंदा. पाला तेवढा फुटलाय. येकबी फूल न्हाई."

काकींचा चेहरा एवढासा झाला.

मी दिवसभर चुका शोधूनच आलो होतो. ती सवय अंगातून उतरायची होती. मी पायरीवरूनच म्हणालो, "असं कसं नाना? काल आमची ऑफिसची सहल मुळशी धरणाला गेली होती, रात्री उशिरा परतलो म्हणून सांगायचं राहिलं. मालेतला तो पार बांधलेला गुलमोहर बसमधून मी स्वतः पाहिला. नव्या पानांत सगळीकडे लाल घोस लागलेत. खाली सडा पडलाय."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत एखाद्याची पाटी सगळ्यांना दिसेल अशी उचलून धरल्यावर तो जसा बघतो, तसं. मग उठून गोठ्याकडे गेले. चहा तसाच राहिला.

मी मागोमाग गेलो. ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तिच्याकडे बघतच त्यांनी सांगितलं. त्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. मिलिटरीच्या डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. सगळ्यांना ठिपक्यांत आकडे दिसत होते, यांना नुसते ठिपके. ही गोष्ट गावात फुटली तर पोरगी कोण देणार, म्हणून वडिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं. लग्न झालं, आणि मग बायकोला सांगायचा दिवस काही उजाडला नाही. पस्तीस वर्षं झाली. काकी बरोबर असायच्या तोवर अडलंच नाही. बागेत गेलं की त्याच बोलायच्या, त्याच सांगायच्या, हे मान डोलवायचे.

"मी झाडाखाली उबा हुतो," नाना म्हणाले. "पायाखाली कायतरी पडल्यालं हुतं. मला वाटलं, पाला." मग म्हशीच्या पाठीवरची काडी झटकली. "तिला सांगू नका. तिला वाटंल, जल्मभर फशिवलं."

मी शब्द दिला. माझा मलाच एवढा संताप आला होता की त्यांनी म्हशी धुवायला सांगितल्या असत्या तरी धुतल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर काकींनी हाक मारली. नाना दूध घालायला गेले होते. काकी लसूण सोलत बसल्या होत्या. मला बसा म्हणाल्या, आणि मी बसायच्या आत सांगितलं की नानांना लाल-हिरवं कळत नाही हे त्यांना ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणापासून. काकींनी हिरवी साडी मागितली होती. दुकानदाराला विचारलं तर आपलं बिंग फुटेल, म्हणून नानांनी स्वतःच्या हाताने निवडून आणली. ती निघाली तपकिरी. "असल्या हौसंनं घडी उलगडली की मला हसूबी येईना, रडूबी येईना," काकी म्हणाल्या. तो सगळा श्रावण त्यांनी ती तपकिरी साडी नेसून काढला आणि बायकांनी विचारलं तर पुण्यात सध्या हीच चालते म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी गावातल्या निम्म्या बायकांनी तपकिरी साड्या आणल्या.

मी म्हणालो, मग रविवारच्या या फेऱ्या? तुम्हाला रंग कळावेत म्हणूनच ना?

काकींचा हात थांबला. "मला कशाला सांगाया पायजेत? मी पन्नास वर्सं बगितल्यात. डोळं मिटलं की समदी झाडं हुबी ऱ्हात्यात. माझं डोळं गेलं तवा रंग गेलं ते त्यांचं. मी हुते तवर त्यांना सांगत हुते. आता त्यांना कोन सांगनार? म्हनून मी रुसल्यावानी करते, आन् कुनालातरी बरुबर धाडते. खोली द्याच्या आदी परीक्षा मीच घ्याया लावते."

लसणाच्या सालांचा ढीग समोर होता आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. दोन माणसं एकमेकांसाठी वैशाखातल्या उन्हात मला पळवत होती, आणि आपण मोठे शब्दांचे धनी म्हणून मी मान ताठ करून फिरत होतो.

"त्यांना कळू देऊ नका," काकी म्हणाल्या. "त्यांना वाटंल, बायकू जल्मभर कीव करीत हुती."

मी तोही शब्द दिला. आठवडाभर मी त्या घरात पाहुण्यासारखा वावरलो. नाना समोर आले की काकींचं गुपित ओठांवर यायचं, काकी समोर आल्या की नानांचं. शेवटी शुक्रवारी काकींनीच चहाच्या वेळी जाहीर केलं, "गुलमोहर फुललाय म्हनत्यात ना हे? मग मला जायाचं हाय." दोन वर्षांत पहिल्यांदा. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी बरोबर येतो.

रविवारी गावातली एक जीप सांगितली. काकी पुढे बसल्या, आम्ही मागे. पौड सोडल्यावर त्या वाऱ्याच्या वासावरून गावं ओळखत होत्या. बंगल्याच्या फाटकाशी आम्ही तिघांनीही वहाणा काढल्या. माळी नानांच्या ओळखीचा, त्याने आदल्या सांजेला पाणी घातलं होतं, जमीन अजून गार होती. नाना काकींचा हात धरून त्यांना पारापर्यंत घेऊन गेले. झाड असं बहरलं होतं की मला खरोखर शब्द सुचेना.

नाना घसा साफ करून म्हणाले, "फुललाय."

"म्हंजे कसला?" काकींनी विचारलं.

नानांनी माझ्याकडे मान वळवली. मी तयारी करून आलो होतो, डाळिंबी, शेंदरी, सगळं जिभेवर होतं. पण काकींनी माझ्याकडे बोट करून मला थांबवलं. मी कुठे उभा आहे ते त्यांना कसं कळलं, कोण जाणे. "तुमी ऱ्हावा. मला खालचं येक ताजं फूल द्या."

मी दिलं. त्या पाराच्या कडेवर बसल्या, नानांना शेजारी बसवलं आणि बोटांनी पाकळ्या चाचपू लागल्या. गुलमोहराला पाच पाकळ्या असतात हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. चार तांबड्या, सारख्या. पाचवी वेगळी, चुरमुडलेल्या काठाची, पांढरट, तिच्यावर ठिपके. काकींनी एकेक करून चार खुडल्या आणि आपल्या ओटीत टाकल्या. पाचवी नानांच्या तळहातावर ठेवली.

"ह्या चार माझ्या," त्या म्हणाल्या. "ही तुमची. ही पांढरी हाय. दरसाल हीच तुमाला देत आले."

नाना त्या पाकळीकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, घडीतल्या त्या जुन्या वाळक्या पाकळ्या बाहेर घेतल्या आणि नव्या पाकळीशेजारी मांडल्या. एकेक निरखली.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"पैल्या श्रावनापासनं."

"आन् बोलली न्हाईस?"

"कशाला बोलू? तुमी लपवत हुता, म्हनून तर मला समदं सांगाया मिळत हुतं."

मी मागे सरकून माळ्याशेजारी जाऊन उभा राहिलो. त्याने मला हळूच विचारलं, म्हातारा का रडतोय. मी म्हणालो, डोळ्यांत काही तरी गेलं असेल. त्या बागेत त्या सकाळी मला उभं राहायला मिळालं, एवढ्या एका गोष्टीसाठी महाळुंग्यातल्या त्या नऊ घरमालकांचे मी आजही मनोमन आभार मानतो, ज्यांनी मला खोली दिली नव्हती.

काकींनी नानांचा तळहात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ती पाकळी त्यांच्या डोळ्यांजवळ नेली.

"दिसली?"

"दिसली," नाना म्हणाले.